रोजचा हंडा आणि 4 किलोचा गोळा

आम्ही उजनीच्या फुगवट्याकाठच्या बचत गटातल्या बाया.

आमच्याकडच्या मुली पोलीस भरतीला उतरतात. मैदानी चाचणी 50 गुणांची. 800 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि 4 किलोच्या गोळ्याला 15. धावण्यात पोरी मागं नाहीत, गोळ्यात अडतात. गटातल्या एकीची लेक मागच्या खेपेला तिथंच राहिली. आई म्हणाली, "घरी दोन-दोन हंडे उचलते, मग ताकद गेली कुठं?"

त्या प्रश्नावर आम्ही बरंच डोकं घातलं. हंडा रोज तोच असतो. सुरुवातीला जड जातो, मग अंगाला सवय होते आणि ताकद तिथंच थांबते. ओझं हळूहळू वाढलं तरच ती वाढते. आम्ही एवढी वर्षं पाणी वाहिलं, मिळालं काय? मानदुखी!

तालमीतले जोर-बैठका फुकटात होतात, नवख्या मुलीला चांगल्याच. पण 20 बैठका सोप्या झाल्यावर 100 काढल्या तर दम वाढतो, ताकद तेवढी वाढत नाही. जिममध्ये वजन मोजून वाढवता येतं. जड वजन, कमी वेळा, नीट उचललं तर ताकद सगळ्यात जास्त येते. पण फी, एसटीचं भाडं, शिवाय अंधार पडल्यावर परत येणं. रबरी पट्टा खांद्याला बरा, पण किती ओढलं ते कळत नाही.

आमच्या पोरींनी मधला रस्ता काढला. 1 लिटर पाणी म्हणजे 1 किलो. कॅन छातीशी धरून बैठका मारायच्या. 10-12 नीट निघाल्या की पुढच्या आठवड्यात 1 लिटर वाढवायचं. कॅन पुरेना झाला की वाळूचं पोतं. तेही दिवसाआड, कारण स्नायू विसाव्यात भरून येतात. पाठ सरळ ठेवायची, श्वास कोंडायचा नाही. पायांवर भर का? गोळ्याला जोर पायांतून मिळतो, हात शेवटी येतो. आणि गोळा फेकण्याचा सराव वेगळा करावाच लागतो, नुसत्या बैठकांनी भागत नाही.

"पोरगी पैलवान दिसेल," ही भीती आम्हालाही होती. पण बाईच्या अंगात पुरुषाइतके ते हार्मोन नसतात, दंड तसे फुगत नाहीत. हाडं मात्र बळकट होतात.

आता ताटाचं. घरात चिलापी शिजली की मोठा तुकडा कुणाला जातो, हे ज्याच्या त्याच्या घरी माहीत आहे. मटकी, शेंगदाणे, अंडी मुलीलाही पोटभर द्या. लवकर धाप लागत असेल तर आधी उपकेंद्रात रक्त तपासून घ्या.

ती लेक आता 18 किलोचं पोतं घेऊन बैठका मारते. पुढच्या भरतीला ती पुन्हा उतरणार आहे. गटानं वर्गणी काढून 4 किलोचा गोळा आणलाय. संध्याकाळी 5 वाजता शाळेमागच्या माळावर आम्ही असतो, आपापल्या मुलींना घेऊन या.