शिष्यवृत्त्यांची सांगड कशी घालावी?

(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



मी बँकेत लिपिक आहे, कला शाखेचा पदवीधर आहे. एम.ए., एम.एस्सी.ला प्रवेश मिळूनही वर्षाच्या मध्येच पैशावाचून अडलेली मुले काउंटरवर भेटतात. एक शिष्यवृत्ती मंजूर झाली म्हणजे सर्व खर्च भागला, अशी त्यांची समजूत असते. तसे क्वचितच घडते.

बाबासाहेबांचेच उदाहरण पाहू. १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर. दरमहा साडेअकरा पौंड आणि त्याबदल्यात बडोदा संस्थानात १० वर्षे नोकरीचा करार. आधार एकच होता. १९१७ मध्ये मुदत संपली आणि लंडनचा अभ्यास अर्धवट ठेवून त्यांना परतावे लागले. १९२० साली ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा सिडनहॅम कॉलेजच्या पगारातील शिल्लक, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले ५,००० रुपयांचे कर्ज, असा तीन ठिकाणचा पैसा त्यांनी एकत्र केला होता. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. पदरी पडली.

आपल्यालाही अशीच सांगड घालावयाची आहे. त्यासाठी खर्चाचे तीन भाग करा : फी, राहणे-जेवण आणि पुस्तके. एकाच खर्चासाठी शासनाकडून दोनदा पैसे मिळत नाहीत. वेगवेगळ्या खर्चासाठी मिळू शकतात.

फीसाठी पहिला आधार भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत असावे लागते. सक्तीची फी आणि निर्वाह भत्ता तीतून मिळतो. तिच्यासोबत दुसरी शिष्यवृत्ती घेता येत नाही. दोन्ही मंजूर झाल्या तर अधिक लाभाची निवडून महाविद्यालयामार्फत तसे कळवावे. मात्र पुस्तके किंवा राहण्या-जेवणासाठी कोणी मदत केली, तर ती घेण्यास मोकळीक आहे.

शासकीय वसतिगृहासाठी अर्ज करूनही प्रवेश मिळाला नाही, तर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये : भोजन ३२,०००, निवास २०,००० आणि निर्वाह ८,०००. शिष्यवृत्तीचा निर्वाह भत्ता मिळत असेल तर तो यातून वजा होतो. म्हणून घरी हिशेब मांडताना तो दोनदा धरू नका.

उरलेल्या खर्चासाठी शैक्षणिक कर्ज. बँकांच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत स्वतःचा हिस्सा भरावा लागत नाही. त्यापुढे देशातील शिक्षणासाठी ५ टक्के आणि परदेशासाठी १५ टक्के भरावा लागतो. पण मिळालेली शिष्यवृत्ती त्या हिश्शात धरली जाते. मंजुरीपत्र कर्जाच्या अर्जाला जोडा. ट्रस्टची मदत घेतानाही अटी वाचा. जे. एन. टाटा एंडोमेंट १८९२ पासून देत आहे ती कर्जरूप शिष्यवृत्ती आहे. ती फेडावयाची असते.

आता बँकेतल्या दोन गोष्टी. शासनाची रक्कम आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यातच जमा होते. आणि दोन वर्षे व्यवहार न केलेले खाते निष्क्रिय होते. दोन्ही गोष्टी प्रवेशाच्या वेळीच तपासा. तसेच मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीतील केंद्राचा ६० टक्के हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यात महाविद्यालयाची फीही असते. सगळी रक्कम आपलीच समजून खर्च केली, तर परीक्षेच्या तोंडावर फी थकते.

शेवटी संस्थेच्या सभासदांना विनंती. शिष्यवृत्ती मंजूर असते, पण पैसे उशिरा येतात. खोलीचे भाडे आणि खानावळ मात्र दर महिन्याला द्यावी लागते. मुले शिक्षण सोडतात ती बहुधा याच काळात. आपण सत्कारात लहानलहान रकमा अनेकांना वाटतो. त्यातील काही भाग फिरता निधी म्हणून ठेवावा. मंजुरीपत्र पाहून बिनव्याजी उसने द्यावे, शिष्यवृत्ती आली की परत घ्यावे. तोच पैसा पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीच्या, दुसऱ्या मुलाच्या उपयोगी पडेल. लंडनला निघालेल्या बाबासाहेबांना ५,००० रुपये उसने देणारा एक मित्र होता. आपल्या मुलांसाठी ते काम संस्थेने करावे.