मुळशीत या, पण मुक्कामाला या

पावसाळ्यातल्या कुठल्याही रविवारी पुण्याच्या चांदणी चौकातून मुळशीचा रस्ता धरला, तर पिरंगुटपर्यंत गाडी मुंगीच्या पावलानं सरकते. पौड ओलांडलं की जरा वेग येतो आणि ताम्हिणी घाटात पुन्हा सगळं ठप्प होतं. धबधबा दिसेल तिथे गाड्या उभ्या. संध्याकाळी हीच रांग पुण्याच्या दिशेनं परत फिरते. एवढी माणसं आली आणि गेली. मुळशीच्या पदरात काय पडलं?

रस्त्याकडेला निळ्या ताडपत्रीखाली एखादी बाई कणसं भाजत बसलेली असते. निखाऱ्यावर कणीस फिरवायचं, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून त्यावर चोळायची, त्याच्याच पाल्यात गुंडाळून हातात द्यायचं. तिची कमाई पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारची. पेट्रोल पुण्यात भरलेलं, पाण्याच्या बाटल्या पुण्यातून आणलेल्या, पुष्कळदा जेवणाचे डबेसुद्धा घरचे. गावाला मिळतात चहा, भजी आणि कणसाचे पैसे. बाटल्या आणि वेफर्सची रिकामी पाकिटं मात्र सगळी गावातच राहतात.

मुळशी हा भाताचा मुलूख, आंबेमोहोराचा. इथं पावसाला तोटा नाही. 25 जुलै 2024 च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत 556 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहराला वर्षभरात मिळतो त्याच्या निम्म्याहून अधिक पाऊस, एका दिवसात! पण नुसता पाऊस पडला म्हणून भात होत नाही. उतारावरचं पाणी धावत सुटतं, जाताना मातीही घेऊन जातं. म्हणून शेतकरी खाचराला बांध घालतो, पाणी अडवतो, चिखलणी करतो आणि मग आवण लावतो. रविवारची गर्दी हे उतारावरून धावणारं पाणी आहे. तिला बांध हवा, आणि तो बांध म्हणजे मुक्काम.

एक रात्र राहिलेला पाहुणा संध्याकाळी जेवतो, सकाळी न्याहारी करतो. त्याच्यासाठी तांदळाची भाकरी थापली जाते, शेजारच्या गोठ्यातलं दूध येतं, परसातली भाजी निघते. अंधारबनाच्या जंगलात न्यायला गावातला वाटाड्या लागतो. पैसा चार घरांत मुरतो. म्हणून पुन्हा सांगायचं ते हेच, मुळशीला येणाऱ्यानं एक रात्र तरी राहावं.

सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्या गर्दीची ही अडचण एकट्या मुळशीची नाही. 2024 मध्ये जगभरात परदेशी पर्यटकांच्या सुमारे 140 कोटी भेटी नोंदल्या गेल्या. कोरोनापूर्वीचा आकडा जवळजवळ गाठला गेला. व्हेनिसनं 25 एप्रिल 2024 पासून ठरावीक दिवशी शहरात येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घ्यायला सुरुवात केली. हे शुल्क कुणाला? सकाळी येऊन संध्याकाळी परतणाऱ्यांना. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, कारण ते राहण्याचा कर भरतातच. तलावाकाठच्या मुळशीत आणि समुद्राकाठच्या व्हेनिसमध्ये दुखणं एकच आहे.

मात्र मुक्काम कुणाच्या घरात, हेही पाहायला हवं. बार्सिलोनात पर्यटकांना भाड्यानं द्यायच्या घरांमुळे स्थानिकांना घरं परवडेनाशी झाली, आणि नोव्हेंबर 2028 पर्यंत असे सगळे परवाने संपवण्याचं तिथल्या महापौरांनी जाहीर केलं. मुळशीतही शेतजमिनी विकल्या गेल्या आणि त्यांवर बाहेरच्यांचे बंगले उभे राहिले. मोसे खोऱ्यात लवासा हे शहर उभारणारी कंपनी 2018 मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मोठं भांडवल आलं म्हणजे गावाचं भलं झालंच, असं नाही. बांध शेतकऱ्याचा असेल तर पाणी त्याच्या खाचरात राहतं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्येच आलं आहे. आपल्याच घरात दोन खोल्या नीट करून, नोंदणी करून पाहुणे ठेवता येतात.

आणि बांधाला जास्तीचं पाणी जाण्यासाठी वाटही ठेवावी लागते, नाहीतर बांधच फुटतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यानंतर पुणे जिल्ह्यातल्या धोक्याच्या ठिकाणांवर मनाईचे आदेश निघाले. जीव मोलाचा, तेव्हा आदेश पाळलेच पाहिजेत. पण मनाई हा कायमचा उपाय कसा होईल? ज्यानं पाहुण्यांसाठी किराणा भरून ठेवला, त्याचं काय? साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी आणि शुल्क अशी पद्धत बसवली गेली, आणि ती आसपासच्या गावांच्या समित्या सांभाळतात. ताम्हिणीत तर 2013 पासून अभयारण्य आहे. तिथे वनखातं आणि गावं यांनी मिळून असं काही करायला हवं.

वेळ संपत आली. मुळशीतली मुलं हॉटेलात काम करायला पुण्याला जातात, त्यांना गावातच हे काम कसं देता येईल, हा मोठा विषय राहूनच गेला. श्रोत्यांनी निदान एवढं करावं. सहल ठरवताना धबधब्याचं नाव शोधण्याआधी गावातलं घर शोधावं, शनिवार-रविवार टाळून मधला वार निवडावा, किती माणसं येणार ते आदल्या दिवशी कळवावं म्हणजे घरच्यांना तेवढेच तांदूळ दळता येतील, पिण्याच्या पाण्याची बाटली घरून आणावी आणि ती परतही न्यावी. आणि राहावं, एक रात्र तरी राहावं.