गिटारच्या सहा तारा आणि स्वरांची नावे



गिटार हे वाद्य आपल्याकडे आता परके राहिलेले नाही. एके काळी ते ख्रिस्ती लग्नघरी दिसे, नाही तर सिनेमाच्या वाद्यवृंदात. आज मात्र ज्या घरात कालपर्यंत पेटी आणि तबला यांखेरीज दुसरे वाद्य नव्हते, त्या घरातही एका कोपऱ्यात गिटार उभी असते. शिकण्याच्या सोयीही वाढल्या आहेत. गल्लीत शिकवणी आहे, मोबाईलवर हवे तितके धडे आहेत. असे असूनही आरंभशूर मुलांपैकी पुष्कळांची गिटार दोन-तीन वर्षांत मुकी होते. मुले आळशी आहेत म्हणून असे होते, असे मला वाटत नाही. त्यांच्या बोटांना पुष्कळ काही शिकवले जाते. परंतु बोटे जे करतात त्याचे नाव त्यांना कोणी सांगत नाही. आजच्या भाषणात मला सांगावयाचे आहे ते एवढेच.

मी शाळामास्तर आहे आणि स्नेहसंमेलनाच्या गाण्यांच्या तालमीही घेतो. अशाच एका तालमीत एक मुलगा गिटारची साथ करीत होता. हात गोड होता, ताल पक्का होता. गाणे पांढरी पाचच्या पट्टीत बसवले होते. गाणारी मुलगी म्हणाली, "सर, वर गळा ताणतो. पांढरी तीनमध्ये घेऊ या." पेटीवाल्याने हात सरकवला आणि सूर धरला. तबलजीने हातोडी उचलली. गिटारवाला मात्र तसाच बसून राहिला. त्याला तीन आकृत्या पाठ होत्या. त्या आकृत्यांना काय म्हणतात आणि त्यांचे परस्परांशी नाते काय, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. गाणे तेच, चाल तीच, केवळ षड्ज हलला; आणि दोन वर्षांची मेहनत तेथेच अडली. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा ओशाळेपणा पाहून मला वाईट वाटले, कारण दोष त्याचा नव्हता.

हा दोष काही अंशी वाद्याच्या घडणीतच आहे. पेटीवर एका स्वराला एकच पट्टी असते. गिटारची सर्वांत बारीक तार मोकळी छेडली, तर जो स्वर येतो तोच दुसऱ्या तारेच्या पाचव्या पडद्यावर, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या आणि पाचवीच्या एकोणिसाव्या पडद्यावरही मिळतो. एकच स्वर पाच ठिकाणी! अशा वाद्यावर स्वराचे नाव लक्षात ठेवण्यापेक्षा बोटाची जागा लक्षात ठेवणे सोपे वाटते. म्हणून जागा दाखवणारी लेखनपद्धती फार जुन्या काळापासून चालत आली आहे. गिटारचे जवळचे भावंड म्हणजे स्पेनमधील विहुएला. त्या वाद्यासाठी लुईस मिलान याने १५३६ साली 'एल माएस्त्रो' हे पुस्तक प्रसिद्ध केले, तेही अशाच पद्धतीने लिहिलेले आहे: तारांच्या सहा रेघा आणि त्यांवर पडद्यांचे आकडे. आजची मुले जिला 'टॅब' म्हणतात ती हीच. ती वाईट नाही. पण ती घराचा क्रमांक सांगते, घरात कोण राहते ते सांगत नाही.

मग नावे शिकावीत कशी? माझ्या मते सहाही तारांवर एकदम झेप न घेता एका तारेपासून आरंभ करावा. सर्वांत जाड तार घ्या. ती मोकळी वाजली की तिला षड्ज म्हणा. आता दुसरा, चौथा, पाचवा, सातवा, नववा, अकरावा आणि बारावा पडदा क्रमाने दाबत जा. आपल्याला सा रे ग म प ध नी सा असा बिलावलाचा सरळ आरोह ऐकू येईल. पाश्चात्त्य लोक ज्याला मेजर स्केल म्हणतात तो हाच. मध्ये सुटलेल्या पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या, आठव्या आणि दहाव्या पडद्यांवर कोमल स्वर आणि तीव्र मध्यम बसलेले आहेत. वाजवताना प्रत्येक स्वर नावासह तोंडाने म्हणावा. मराठी मुलाला हे काम सोपे आहे, कारण सरगम त्याच्या कानावर लहानपणापासून पडलेली असते.

या पडद्यांची मांडणीही मोठी विचारपूर्वक केलेली आहे. चांगल्या गिटारची तार वरच्या पट्टीपासून घोडीपर्यंत सामान्यतः ६५ सेंटिमीटर लांब असते. बारावा पडदा बरोबर मध्यावर, म्हणजे साडेबत्तीस सेंटिमीटरवर असतो. तार अर्धी झाली की स्वर वरच्या सप्तकात जातो. पहिला पडदा सुमारे ३.६ सेंटिमीटरवर असतो आणि पुढची प्रत्येक घरे त्याच प्रमाणात आखूड होत जातात. सुप्रसिद्ध शास्त्रज्ञ गॅलिलिओ याचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. त्यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात यासाठी सुटसुटीत नियम दिला: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग मोजावा आणि पडदा बसवावा. आजचे अचूक गणित सांगते की भाग अठरावा नव्हे, १७.८१७ वा असला पाहिजे. जुन्या कारागिरांचे अनुमान किती जवळ होते पहा.

तथापि या समान वाटणीची एक किंमत आहे, आणि आपल्या कानाला ती लवकर जाणवते. जाड तारेवर चौथ्या पडद्याच्या किंचित अलीकडे, वरच्या पट्टीच्या बाजूला, बोट न दाबता नुसते टेकवा, तार छेडा आणि लगेच बोट उचला. एक बारीक, घंटेसारखा स्वर निघेल. तो तारेचा स्वयंभू गंधार. तंबोऱ्याच्या खरजातून ऐकू येतो तो. आता चौथा पडदा दाबून गंधार वाजवा. तो अर्धस्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी एका आकृतीतला गंधार गोड लागेपर्यंत तार उतरवतो. मग दुसरी आकृती बेसूर होते, कारण तीच तार तेथे पंचम असते. बिचारा गिटारला दोष देतो. ज्याला कारण समजले आहे, तो प्रत्येक तार आपल्या जागी सोडतो आणि ही तडजोड पत्करतो. आपल्या संगीतातील मींड आणि स्वयंभू स्वर ज्यांना हवेच होते, त्यांनी निराळा मार्ग शोधला. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार आडवी ठेवून, पडद्यांना फाटा देऊन, तारेवर सळई सरकवून राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबरची त्यांची १९६७ सालची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका पुष्कळांनी ऐकली असेल.

आता सहाही तारांकडे वळू. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत इंग्रजी नावे आहेत ई, ए, डी, जी, बी, ई. पेटीच्या भाषेत पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर लावलेली असते. अपवाद फक्त जी आणि बी या जोडीचा, तेथे गंधाराचे अंतर आहे. म्हणून तारा जुळवताना सर्वत्र पाचवा पडदा धरतात आणि त्या एका ठिकाणी चौथा. हा अपवाद कोणी लहरीने केलेला नाही. सर्वत्र मध्यमाचेच अंतर ठेवले असते तर पहिली आणि सहावी तार एका नावाची झाली नसती आणि सहा तारांवर एका हाताने स्वरमेळ धरणे अवघड झाले असते.

स्वरमेळ म्हणजे कॉर्ड. सा, ग आणि प यांचा एकसमयावच्छेदेकरून उच्चार. नवशिक्याला बहुधा पहिल्या आठवड्यातच ई मेजरची आकृती शिकवतात. ती आकृती धरून एकेक तार सावकाश छेडा आणि नावे घ्या: सा, प, सा, ग, प, सा. तीन षड्ज, दोन पंचम आणि गंधार केवळ एक, तोही तर्जनीखाली, तिसऱ्या तारेच्या पहिल्या पडद्यावर. आता ती तर्जनी उचला. गंधार कोमल झाला आणि सगळी मुद्राच पालटली. ज्याला मायनर कॉर्ड म्हणतात ती ही. मेजर आणि मायनर यांतला भेद पुस्तकात पाने भरून लिहिलेला असतो. येथे तो एका बोटाच्या उचलण्यात कळतो, पण केव्हा? ते बोट गंधारावर आहे हे ठाऊक असेल तेव्हा.

पुढची पायरी अशीच. तीच आकृती उरलेल्या तीन बोटांनी धरून तर्जनी सहाही तारांवर आडवी टाकली आणि हात एक घर पुढे नेला, की एफची कॉर्ड होते. तर्जनी तिसऱ्या पडद्यावर आली की जीची, पाचव्यावर एची, सातव्यावर बीची, आठव्यावर सीची. एका आकृतीत बारा कॉर्ड आल्या. मात्र जाड तारेवरची नावे पाठ हवीत. आता तालमीतल्या त्या मुलाकडे पहा. पांढरी पाचमध्ये तो जी, सी आणि डी या तीन कॉर्ड वाजवीत होता. म्हणजे षड्ज, मध्यम आणि पंचम यांवर उभारलेल्या कॉर्ड. षड्ज पांढरी तीनवर आणला की मध्यम ए आणि पंचम बी. गाणे ई, ए, बी यांवर चालले असते. पुढल्या रविवारी आम्ही दोघांनी हे फळ्यावर मांडले. त्याला अर्धा तासही लागला नाही.

शास्त्राइतकेच हाताचे शिक्षणही हवे. डाव्या हाताचे बोट पडद्यावर नव्हे, पडद्याच्या अगदी मागे टेकावे; मग थोड्या दाबाने स्वच्छ स्वर येतो. अंगठा दांडीच्या पाठीमागे असावा, मुठीने दांडी आवळू नये. उजव्या हाताच्या बोटांना स्पॅनिश नावांच्या आद्याक्षरांवरून पी, आय, एम, ए म्हणतात. तीन जाड तारा अंगठ्याकडे आणि बारीक तारांवर तर्जनी, मध्यमा व अनामिका, ही आरंभीची सोयीची वाटणी. बोट तार छेडून शेजारच्या तारेवर विसावले तर स्वर भरदार येतो. न विसावता सुटले तर हलका. दोन्ही आघात निरनिराळे गिरवावेत. आणि सगळे ठाय लयीत. जे सावकाश बिनचूक येत नाही, ते जलद केल्याने फक्त चुकीची सवय पक्की होते. फेर्नांदो सोर याचे उदाहरण मला नेहमी आठवते. १७७८ साली बार्सिलोनात जन्मलेल्या या वादकाचे शिक्षण मोन्सेरातच्या मठातील गायनशाळेत झाले. १८३० साली त्याने पॅरिसमध्ये गिटारवादनाची पद्धती प्रसिद्ध केली. तीत बोटांची ठेवण तो स्वरांच्या जोड्यांवरून, तिसऱ्या आणि सहाव्या स्वरांतरांवरून उलगडून दाखवतो. हात आणि शास्त्र त्याने वेगळे शिकवले नाहीत. त्याचे वीस निवडक अभ्यासपाठ आंद्रेस सेगोव्हिया यांनी १९४५ साली संपादून काढले, आणि ते आजही जगभर वाजवले जातात.

येथे कोणी विचारील की जँगो राइनहार्टला कोठे वाचता येत होते? आक्षेप रास्त आहे. १९२८ सालच्या आगीत डाव्या हाताची दोन बोटे निकामी झालेला हा वादक उरलेल्या दोन बोटांनी असे वाजवी की ऐकणारे थक्क होत. आणि स्वरलिपी त्याला येत नव्हती. परंतु स्वरलिपी म्हणजे शास्त्र नव्हे. कोणता स्वर कोणाचा गंधार आहे आणि कोणती कॉर्ड कोठे वळणार, हे त्याच्या कानाला पुरते ठाऊक होते. लिपीची उणीव मात्र त्यालाही भासे. आपल्या रचना त्याला दुसऱ्याकडून लिहून घ्याव्या लागत. नावे कानाने शिका वा डोळ्यांनी, ती शिकल्यावाचून गत्यंतर नाही.

याचा दाखला आपल्या शेजारीच, गोव्यात आहे. तेथे पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना दो, रे, मी, फा म्हणत स्वर वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवीत. अकराव्या शतकातील ग्विदो या इटालियन मठवासीयाने एका लॅटिन स्तोत्राच्या चरणांतील आद्य अक्षरांवरून योजलेली ही नावे. त्या शाळांतून शिकलेली माणसे पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत गेली. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड यांच्यासारखे गोमंतकीय वादक संगीतकाराने गुणगुणलेली चाल ऐकून वाद्यवृंदातील वाद्यांसाठी स्वरलिपीत लिहून काढीत. आपण आवडीने ऐकतो त्या कितीतरी जुन्या गाण्यांमागे गावच्या शाळेत पाठ केलेली ती नावे आहेत. ती माणसे हुशार होती यात शंका नाही. पण हुशारीला दुसऱ्यापर्यंत पोचण्यासाठी भाषा लागते, आणि ती त्यांना दहाव्या वर्षी मिळाली होती.

पालकांना आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडक्यात असे. रोज अर्धा तास काढा. पहिली पाच मिनिटे यंत्र बाजूला ठेवून तारा कानाने जुळवा. यंत्राकडे शेवटी पडताळ्यापुरते पहा. पाच मिनिटे उजव्या हाताला द्या. दहा मिनिटे एकाच तारेवर स्वर म्हणत वाजवा. आठवड्याला एक तार, म्हणजे दीड महिन्यात सहाही तारा ओळखीच्या होतील. उरलेली दहा मिनिटे आवडीचे गाणे वाजवा, पण त्यातील प्रत्येक कॉर्डचा षड्ज, गंधार आणि पंचम कोणत्या बोटाखाली आहे ते स्वतःला विचारा. आणि आठवड्यातून एकदा कोणा गाणाऱ्याला बोलावून म्हणा, "तुमची पट्टी सांगा."