सायकल आणि आपण



मंडळाच्या वर्धापनदिनी मला दोन शब्द बोलायला सांगितले, हा मी माझा मान समजते. मी सातवी शिकलेली बाई. मोठ्या विषयावर मला बोलता येणार नाही. जे स्वतः केले तेवढेच सांगते. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी सायकल शिकले.

आपल्या बीड जिल्ह्याची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि गाव ओस पडते. मागे उरतात म्हातारी माणसे, लेकरे आणि आपल्यासारख्या काही जणी. माझ्या सासूबाईंना दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या लागतात. दवाखाना चार किलोमीटर. कोणी मोटारसायकलवाला भेटला तर आज, नाही तर उद्या. अशा ‘उद्या-उद्या’त एकदा चार दिवस गेले आणि सासूबाई घेरी येऊन अंगणात पडल्या. त्या दिवशी मी ठरवले, आता कोणाची वाट पाहायची नाही.

लेकीला शाळेत असताना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली होती. ती पुढे शिकायला गेली आणि सायकल पडवीत उभी राहिली. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “अगं, लोक काय म्हणतील?” मी म्हटले, “बाई, लोक गोळ्या आणून देत नाहीत.” मग त्याच मागून सायकल धरायला आल्या!

शिकण्याची युक्ती सांगते. बैठक इतकी खाली घ्यावी की दोन्ही पाय जमिनीला टेकतील. आधी पायडल मारूच नये. पायांनी ढकलत चालावे. तोल सांभाळता आला की मगच पायडलवर पाय ठेवावा. सायकल ज्या बाजूला कलते, त्याच बाजूला हँडल किंचित वळवावे. नजर चाकाकडे नको, पुढे रस्त्यावर हवी. पदर खोचावा, निऱ्या साखळीपासून दूर ठेवाव्यात. मी तीनदा पडले, गुडघा सोलला, पण आठव्या दिवशी दवाखान्यात जाऊन आले.

यात आपण पहिल्या नाही, भगिनींनो. तामिळनाडूतील पुदुक्कोट्टई जिल्ह्यात 1991 च्या सुमारास साक्षरतेची मोठी चळवळ झाली. तेव्हा शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी होत्या. त्यांनी अक्षरांबरोबर सायकलही शिकवायचे ठरवले. शेतमजूर, खाणीत दगड फोडणाऱ्या, खेड्यांत काम करणाऱ्या परिचारिका अशा हजारो बाया सायकलवर बसल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिले आहे. बायका बाजाराला, पाण्याला, कामाला आपल्या आपण जाऊ लागल्या. बसची वाट पाहण्यात जाणारा वेळ वाचला. टोमणे मारणारे तिथेही होते. पण बाया इतक्या झाल्या की टोमणे कोणाकोणाला मारणार?

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. दर रविवारी उन्हे कलल्यावर शाळेच्या मैदानात आपण जमू. घरोघरी उभ्या असलेल्या मुलींच्या सायकली आणू. ज्या शिकल्या त्यांनी मागून धरावे, ज्या नाहीत त्यांनी बसावे. पुढच्या दसऱ्याला गाव रिकामे होईल, तेव्हा औषधासाठी कोणत्याही घरी ‘उद्या’ म्हणण्याची वेळ येऊ नये.