संकटाची मोजणी आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनात सांगली येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आणि वार्षिक अहवाल यांच्यामध्ये चार शब्द बोलण्याची आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आहे. आम्ही निवडलेला विषय आनंदाच्या प्रसंगास फारसा शोभणारा नाही, याची जाणीव आम्हांस आहे. परंतु कृष्णाकाठी राहणाऱ्याने सणाच्या दिवशीही नदीकडे पाठ फिरवून बसू नये. संकट येण्यापूर्वी त्याची मोजणी कशी करावी आणि आपली घरे, आपले कार्यालय व आपली वस्ती त्यास तोंड देण्यास समर्थ कशी करावी, एवढेच आज सांगावयाचे आहे.

आरंभी आमच्याच एका चुकीची कबुली देतो. २००५ सालच्या महापुरात आपल्या कार्यालयाच्या तळमजल्यावर कमरेइतके पाणी आले होते. पाणी ओसरल्यावर एका जाणत्या सभासदाने भिंतीवर तांबड्या रंगाने रेघ ओढून वर साल घातले. पुढे लग्नसराईच्या तोंडावर रंगकाम निघाले, तेव्हा ती रेघ मंगलकार्यात अशुभ दिसते, असे काहींचे म्हणणे पडले. चिटणीसपद त्या वेळी आमच्याकडे होते. आम्ही रेघ पुसण्यास संमती दिली. रेघ गेली आणि तिच्याबरोबर आठवणही गेली. त्याच भिंतीशी नवे कपाट आले आणि त्यात सभासदांची नोंदवही व विद्यार्थी साहाय्य निधीचे कागद ठेवले गेले.

२००५ साली आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५३ फुटांच्या वर गेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५७ फुटांच्या वर गेली. कपाट बुडाले आणि कागदांचा लगदा झाला. त्यांत दोन विद्यार्थिनींची मूळ प्रमाणपत्रे होती. पुढील प्रवेशाच्या वेळी त्या मुलींची किती धावपळ झाली, ते त्यांच्या पालकांस ठाऊक आहे. नदीने चौदा वर्षे आधी आपणांस सूचना देऊन ठेवली होती. ती पुसणारे हात आमचेच होते.

पूर किंवा भूकंप हे संकट होय. त्यातून होणारी हानी ही निराळी गोष्ट आहे. संकट थोपविणे बहुधा मनुष्याच्या हाती नसते. हानी मात्र बरीचशी त्याच्या हाती असते. म्हणून मोजणी करताना तीन प्रश्न विचारावे. संकट किती मोठे येऊ शकेल? त्याच्या वाटेवर कोण आहे? आणि त्यांच्यापैकी दुबळे काय व कोण?

किल्लारीचे उदाहरण घ्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व धाराशिव या जिल्ह्यांत भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. त्या वेळच्या नकाशात तो प्रदेश भूकंपाचे भय सर्वांत कमी असलेल्या पट्ट्यात दाखविला होता. वस्तुतः आदल्या वर्षी, १९९२ साली, किल्लारीस धक्के जाणवले होते. भूमीने सूचना दिली, परंतु घरे होती तशीच राहिली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या. भिंतीचे आतले व बाहेरचे अंग एकत्र बांधून ठेवणारे लांब दगड बहुधा नाहीत. आणि वर मातीच्या थरांचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर त्या पहाटे काळ ठरले. हलक्या छपराखालची माणसे त्या मानाने अधिक वाचली. पुढे २००२ साली नकाशा सुधारला गेला. परंतु नकाशा सुधारेपर्यंत घराने थांबावयाचे नसते, हा त्यातील बोध होय.

दुबळेपणा केवळ भिंतीत नसतो. २०१९ साली कोल्हापुरास चहूकडे पाणी होते आणि नळास पाणी नव्हते, कारण उपसा केंद्रेच बुडाली होती. पुणे-बंगळूर महामार्ग अनेक दिवस बंद राहिला आणि दूध, पेट्रोल व औषधे यांची वाट अडली. आपल्या जिल्ह्यात ब्रह्मनाळ येथे सुटकेसाठी निघालेली नाव उलटून माणसे मृत्युमुखी पडली. वीज, पाणी, रस्ता, दूरध्वनी आणि दवाखाना या एका साखळीच्या कड्या आहेत. वीज गेली की पंप बंद पडतो, पंप थांबला की पाणी जाते, आणि पाणी गेले की दवाखाना पंगू होतो. म्हणून साखळीची कच्ची कडी आधी हेरावी.

आता आपण काय करावे? आयर्विन पुलाजवळ इशाऱ्याची पातळी ४० फूट व धोक्याची ४५ फूट ठरलेली आहे. परंतु आपल्या उंबरठ्यास पाणी किती फुटांवर लागते, हे प्रत्येक घराने स्वतः ठाऊक करून घ्यावे आणि देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावे. तो आकडा पाठ असेल, तर बातमी ऐकताच निघण्याची वेळ कळते. आम्ही वर्गात मुलांकडून पाढे म्हणवून घेत असू. हा एक पाढा वडीलधाऱ्यांनीही म्हणावा.

कार्यालयापुरत्या आमच्या तीन सूचना आहेत. पहिली, पुसलेली रेघ पुन्हा ओढावी, आणि तिच्यावर २०१९ ची दुसरी रेघ ओढावी. दुसरी, विजेचा मीटर, पाण्याचा पंप व दप्तर त्या रेघेच्या वर न्यावे आणि मुख्य कागदांची एक प्रत गावाबाहेर ठेवावी. तिसरी, दरवर्षी मे महिन्यात गल्लीवार यादी करावी. एकटे राहणारे वृद्ध, गरोदर स्त्रिया, तान्ही मुले आणि नित्य औषधोपचारावर असलेले रुग्ण यांची नावे तीत असावी. प्रत्येक नावासमोर दोन तरुणांची नावे असावी आणि पाणी वाढू लागताच प्रथम कोणाच्या दारी जावयाचे, हे त्यांस ठाऊक असावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक यादीच्या माथ्यावर लिहावा.

यादी गल्लीवार म्हणालो, ज्ञातिवार नव्हे. आपल्या घटनेप्रमाणे संघाचा निधी ज्ञातिबांधवांसाठी आहे, त्यातून इतरांचा खर्च का करावा, असा प्रश्न मागील सभेत निघाला होता. प्रश्न विचारणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांस आमचे एवढेच उत्तर आहे. २०१९ साली आमच्या पत्नीस व आम्हांस ज्यांनी गच्चीवरून नावेत उतरवून घेतले, त्यांनी आमचे आडनाव विचारले नाही. आम्हीही त्यांचे विचारले नाही. नावेत आम्ही अकरा जण होतो आणि त्यांत आपल्या ज्ञातीचे आम्ही दोघेच होतो. पूर गल्लीत येतो. तो कोणाचे एकच घर निवडीत नाही, म्हणून त्याला दिलेले उत्तरही गल्लीचेच असले पाहिजे. घटना दुरुस्त करावयाची असेल तर ती करावी. पावसाळ्यापूर्वी करावी, एवढीच विनंती.

२०२१ च्या जुलैमध्ये कृष्णेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. ती पुढेही येईल. ती आपली माता आहे आणि तिचा काठ सोडून जावे, असे आम्ही म्हणत नाही. मातेचा स्वभाव मात्र लेकरांनी ओळखून असावे. त्या रेघेसाठी लागणारा रंग व कुंचला आम्ही स्वखर्चाने आणला आहे. संमेलन आटोपल्यावर अध्यक्षमहाराजांनी आपल्या हाताने ती रेघ ओढावी, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.