आधी आवाज, मग नाव

आजचा भाग थोडा पडद्यामागचा. बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’वर मी स्क्रिप्ट लिहिली होती, तिचा ऑडिओ करताना काय काय बदलावं लागलं, ते सांगतो. हे गाणं १९६६ सालचं, ‘रिव्हॉल्व्हर’ अल्बममधलं शेवटचं. पॉपमधल्या प्रयोगांचा विषय निघाला की याला वगळून चालत नाही.

स्क्रिप्टमध्ये ‘टेप लूप’, ‘लेस्ली स्पीकर’ असे शब्द होते. वाचताना एखादा शब्द अडला तर आपण मागची ओळ परत बघतो. पण लोकलमध्ये एका हातानं कडी धरून ऐकणारा मागे जात नाही. ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणतो आणि बंद करतो. मला तोच माणूस हवा होता.

मूळ गाणं इथे वाजवता येत नाही, त्याचे हक्क माझ्याकडे नाहीत. म्हणून हे ऐका.

[आवाज: चिरका, पक्ष्यांच्या थव्यासारखा]

पक्षी वाटले ना? हे माझं हसणं आहे! फोनवर रेकॉर्ड केलं आणि ऑडॅसिटीमध्ये वेग दुप्पट केला. वेग दुप्पट झाला की वेळ निम्मा होतो आणि सूर एक सप्तक वर चढतो. गाण्यात समुद्रपक्ष्यांसारखं जे ऐकू येतं, तेसुद्धा पॉल मॅकार्टनीचं वेग वाढवलेलं हसणं.

आता तेच हसणं पुन्हा पुन्हा.

[आवाज: तोच तुकडा, सलग सहा वेळा]

याला म्हणतात लूप. आपण एका क्लिकवर करतो. तेव्हा टेपचा तुकडा कापून टोकाला टोक चिकटवायचे. लंडनच्या स्टुडिओत असे पाच लूप वेगवेगळ्या मशीनवर एकाच वेळी फिरत होते, आणि टेप ताणलेली राहावी म्हणून माणसं पेन्सिली धरून उभी होती!

शेवटचा आवाज.

[आवाज: टेबलफॅनसमोर ‘आऽऽऽ’]

लहानपणी हे केलंय ना? लेस्ली स्पीकर याचाच लांबचा भाऊ. त्यात आवाज बाहेर टाकणारा भोंगाच गोल फिरतो, म्हणून आवाज जवळ येतो, लांब जातो. गाण्याच्या उत्तरार्धात जॉन लेननचा आवाज त्यातूनच येतो.

बघा, तिन्ही वेळा आवाज आधी आला आणि नाव नंतर. कागदावर मी हे नेमकं उलट लिहिलं होतं. ‘गूढ’, ‘स्वप्नवत’ ही विशेषणं तर सगळीच काढली, कारण ती कानाला ऐकूच येत नाहीत. आणि बरेच जण एकाच कानात इयरबड घालतात, म्हणून निवेदन दोन्ही बाजूंना सारखंच ठेवलं.

स्क्रिप्ट टेक्स्ट-टू-स्पीचला दिली असती तर दोन मिनिटांत काम झालं असतं. पण मग पक्षी कुठून आणले असते? त्यासाठी कुणीतरी हसायला तर हवं!

आता मूळ गाणं शोधा आणि हेडफोन लावून ऐका. भेटू पुढच्या भागात.