कूपनाचे पैसे कोण भरतं?

अमेरिकेतल्या किराणा दुकानात ग्राहक काउंटरवर कागदाचा एक कपटा पुढे करतो आणि बिलातून डॉलरभर रक्कम वजा होते. तो डॉलर सोसला कोणी? याचं उत्तर ठाऊक असलेला ग्राहक आणि नुसतीच कात्री चालवणारा ग्राहक यांच्या महिन्याच्या बिलात चांगलाच फरक पडतो.

ही प्रथा जुनी आहे. १८८७ च्या सुमारास अटलांटात कोका-कोलाचा एक पेला फुकट देणारी कूपनं वाटली गेली. पुढे १९०९ मध्ये सी. डब्ल्यू. पोस्ट यांनी आपल्या ग्रेप-नट्स या सीरियलवर एका सेंटची सूट दिली.

कूपनं दोन जातींची. एक उत्पादक कंपनीचं. त्यावरची सूट दुकानदार ग्राहकाला देतो खरा, पण कूपन कंपनीकडे पाठवून ते पैसे वसूल करतो. वर हाताळणीचे म्हणून बहुधा आठ सेंट मिळतात. दुसरं कूपन दुकानाचं स्वतःचं. त्याची झळ दुकानालाच. देणारे दोघे वेगळे असल्यामुळे बरीच दुकानं एकाच वस्तूवर दोन्ही कूपनं घेतात. कंपनीची दोन कूपनं एका वस्तूवर मात्र चालत नाहीत.

आता यात सेल मिळवून पाहू. समजा, सीरियलचा खोका एरवी ४.९९ डॉलरला मिळतो. सेलमध्ये दोन खोके पाच डॉलरला लागले. कंपनीचं कूपन दोन खोक्यांवर एक डॉलरचं, दुकानाचं पन्नास सेंटचं. एरवी ९.९८ डॉलरना पडणारे दोन खोके साडेतीन डॉलरमध्ये घरी येतात.

म्हणूनच वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीतलं कूपन सोमवारी खर्चून टाकण्यात शहाणपण नाही. मुदत असेल तोवर ते जपायचं आणि सेलची वाट पाहायची. सेललाही हंगाम असतो. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आधी केचप, मोहरीचा सॉस, हॉट डॉग यांचे भाव उतरतात. नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या तोंडावर टर्की आणि बेकिंगचं सामान. सेलचा माल संपला असेल, तर अनेक दुकानं ‘रेन चेक’ देतात: माल आल्यावर तो त्याच भावाने मिळतो. तोवर कूपनाची मुदत उलटली, तर ती सूट मात्र गेली.

एक धोका स्पष्टच सांगायला हवा. कूपन ही कंपनीची जाहिरात आहे. भाजी, फळं, डाळी यांच्यावर कूपनं क्वचितच निघतात. निघतात ती खोक्यातल्या, बाटलीतल्या ब्रँडेड मालावर. कूपन लावूनही तो माल शेजारच्या, दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडपेक्षा महाग पडतो, असं पुष्कळदा घडतं. फळीवरच्या चिठ्ठीवर दर औंसाचा भाव छापलेला असतो, तो पाहावा.

न्यू जर्सीला किंवा बे एरियात मुलांकडे चार महिने राहायला जाणाऱ्या आई-वडिलांना हा हिशेब सहज जमेल. घरखर्चाची वही त्यांनी आयुष्यभर लिहिली आहे. कूपनांचे नियम दुकानागणिक बदलतात आणि मोठ्या दुकानांच्या वेबसाइटवर ते दिलेले असतात. पहिल्या खरेदीआधी ते मुलांकडून वाचून घ्यावेत.